मेडिक्लेम नाकारला गेल्यास काय करावे: पहिल्या पत्रापासून विमा लोकपालापर्यंत

रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर उभे असताना ‘तुमचा क्लेम नामंजूर झाला आहे’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना पुढचे काही तास कसे जातात हे वेगळे सांगायला नको. मुदतठेव मोडली जाते, नातेवाइकांकडून उसने पैसे घेतले जातात, रुग्ण घरी येतो आणि मग ‘कंपनीशी कोण भांडत बसणार’ असे म्हणून अनेक कुटुंबे ती फाइल कपाटात ठेवून देतात. ती फाइल पुन्हा बाहेर काढावी, यासाठी हा लेख आहे. आरोग्य विम्याच्या नियमांत गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२४ मध्ये, विमाधारकाच्या बाजूने बरेच बदल झाले. परंतु ते आपोआप आपल्या पदरात पडत नाहीत. नियमाचा आधार देऊन, तारीख घालून आणि लेखी स्वरूपात जो मागतो त्यालाच त्यांचा उपयोग होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम पॉलिसी आणली आणि त्या नावाने इतका जम बसवला की आजही कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. १९९९ च्या कायद्याने भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्यालय हैदराबादला असून बोलण्यात त्याला ‘इर्डाई’ म्हणतात. या प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्याविषयी एक एकत्रित परिपत्रक काढले आणि त्याआधीची ५५ परिपत्रके रद्द करून बहुतेक सर्व नियम एका ठिकाणी आणले. कंपनीला पत्र लिहिताना याच परिपत्रकाचा तारखेसह उल्लेख करावा. समोरच्या माणसाला आपण नियम वाचून बोलत आहोत हे कळले की उत्तराची भाषा बदलते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

नकार लेखी घ्या

फोनवर मिळालेला नकार हा नकार समजू नये. कॉल सेंटरवरून किंवा टीपीएच्या (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) माणसाकडून ‘तुमच्या पॉलिसीत बसत नाही’ असे सांगितले गेले, तर त्यावर वाद न घालता कंपनीच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावर त्याच दिवशी पत्र पाठवावे. २०२४ च्या परिपत्रकानुसार कोणताही दावा कंपनीच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या (पीएमसी) किंवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही, आणि फेटाळल्यास पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीनुसार तो फेटाळला हे विमाधारकाला तपशिलासह कळवावे लागते. म्हणून पत्रात एवढेच लिहिले तरी पुरे: ‘माझा अमुक क्रमांकाचा दावा नामंजूर झाल्याचे मला तोंडी कळवण्यात आले आहे. ज्या अटीच्या आधारे हा निर्णय झाला ती अट, तिचा क्रमांक, दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीचा दिनांक आणि ज्या कागदपत्रांवर हा निर्णय आधारलेला आहे त्यांच्या प्रती मला लेखी पाठवाव्यात.’ पत्रात रागाचा एकही शब्द असू नये, कारण हेच पत्र पुढे विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या लोकपालांच्या टेबलावर जाणार असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कॅशलेस नाकारले जाणे आणि दावा नाकारला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशलेसची पूर्वपरवानगी पुरेशा माहितीअभावी नाकारली गेली असेल, तर बिल स्वतः भरून नंतर प्रतिपूर्तीचा, म्हणजे रीइम्बर्समेंटचा, दावा करण्याचा मार्ग खुला असतो. तो अर्ज न करताच जे थांबतात त्यांचे पैसे कंपनीने नाकारलेले नसतात, त्यांनी ते मागितलेलेच नसतात. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यावी, असा नियम आहे. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने खोलीचे जादा भाडे लावले, तर ती रक्कम कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर अंतिम बिल कंपनीकडे किती वाजता पाठवले ते विचारून वहीत लिहून ठेवावे, आणि शक्य असल्यास त्या ई-मेलचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.

नकाराचे कारण नीट वाचा

लेखी नकार हाती आला की त्यातील कारण कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ओळखावे लागते, कारण प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. ‘आधीपासूनचा आजार’ हा शब्द नकारपत्रांत फार सैलपणे वापरला जातो आणि त्याखाली दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात. पहिली गोष्ट प्रतीक्षा कालावधीची. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराच्या उपचाराचा खर्च काही काळ मिळत नाही, आणि २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो; पूर्वी तो ४८ महिने होता. दुसरी गोष्ट माहिती दडवल्याच्या आरोपाची. आजार प्रस्ताव अर्जात लिहिला नव्हता, म्हणून करारच दूषित आहे, अशी भूमिका कंपनी त्यात घेते. या आरोपालाही कालमर्यादा आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर त्यानंतर माहिती दडवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद आहे. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. मध्येच कंपनी बदलून पोर्टेबिलिटीने नवी पॉलिसी घेतली असेल, तरी आधीच्या कंपनीकडची सलग वर्षे यात धरली जातात, त्यामुळे जुन्या पॉलिसीच्या प्रती फेकून देऊ नयेत. विमारक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरती मोजणी वाढवल्याच्या दिवसापासून होते, हेही लक्षात ठेवावे.

या दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण घरातलेच सांगतो. माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांच्या पॉलिसीचे पाचवे वर्ष चालू होते, म्हणजे ६० महिने पूर्ण झालेले नव्हते. दावा फेटाळला गेला. कारण दिले होते की रुग्णाला दहा वर्षांपासून रक्तदाब असूनही अर्जात त्याचा उल्लेख नाही. मामांची रक्तदाबाची गोळी प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. मग दहा वर्षे आली कोठून, हे शोधण्यासाठी आम्ही रुग्णालयाकडून इनडोअर केसपेपरची संपूर्ण प्रत मागवली. दाखल केल्याच्या रात्री अडीच वाजता निवासी डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलेल्या पानावर तो आकडा होता. त्यांनी मामींना विचारले होते, बीपी किती वर्षांपासून आहे, आणि घाबरलेल्या मामींनी ‘झाली असतील आठ-दहा वर्षे’ असे उत्तर दिले होते. त्या एका वाक्यावर कंपनीने पावणेतीन लाखांचा दावा फेटाळला होता.

त्या वाक्याविरुद्ध आम्ही तीन कागद उभे केले. कौटुंबिक डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळी लिहून दिली ती तारखेची चिठ्ठी आणि ‘त्याआधी या रुग्णास रक्तदाबाचा उपचार सुरू नव्हता’ असे त्यांचे प्रमाणपत्र, औषधाच्या दुकानातून मिळवलेली त्या काळातील बिले, आणि पॉलिसी देण्याआधी कंपनीनेच करून घेतलेल्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, ज्यात रक्तदाब सामान्य नोंदवलेला होता. तिसरा कागद सर्वांत बोलका ठरला. कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत जे आढळले नाही ते विमाधारकाने दडवले असे म्हणणे कठीण असते. ज्यांनी आजार अर्जात सांगितला होता त्यांची बाजू तर आणखी भक्कम आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात स्पष्ट केले आहे की विमाधारकाने सांगितलेली प्रकृतीची स्थिती तपासून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच स्थितीचे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

केसपेपर मिळवणे अवघड नाही. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी मागणी केल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, अशी तरतूद डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या विनियमांत आहे. डिस्चार्ज समरीवर समाधान मानू नये. सर्व पाने, परिचारिकांच्या नोंदींसह, मागावीत. त्याचबरोबर कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रतही घ्यावी. ती पॉलिसीसोबत मिळणे हा आपला हक्क आहे. एजंटाने अर्ज भरला आणि आपण फक्त सही केली, असे अनेकांच्या बाबतीत घडलेले असते, आणि आजारांच्या रकान्यांत सगळीकडे ‘नाही’ असे लिहिलेले दिसल्यावर मोठा धक्का बसतो. पॉलिसी नवी असेल, तर हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याची मुभा आहे. अर्ज वाचून पाहण्याचे काम त्या ३० दिवसांत करावे.

‘रुग्णाला दाखल करण्याची गरज नव्हती, केवळ तपासण्यांसाठी दाखल केले’ हे आणखी एक नेहमीचे कारण. डेंग्यू, पोटाचा संसर्ग, चक्कर येऊन पडणे अशा प्रकरणांत ते हमखास येते. याचे उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच मिळवावे लागते. दाखल करतेवेळी प्लेटलेट किती होत्या, रक्तदाब किती खाली गेला होता, सलाइनमधून कोणती औषधे द्यावी लागली आणि ती घरी का देता आली नसती, हे त्यांनी लेटरहेडवर चार ओळींत लिहून दिले की नकाराचा पायाच डळमळीत होतो. ‘रुग्णास दाखल करणे आवश्यक होते’ एवढ्या मोघम ओळीने मात्र काम होत नाही.

अर्धवट मंजूर झालेला दावा

पूर्ण नकारापेक्षा मला अर्धवट मंजुरी जास्त घातक वाटते, कारण काही रक्कम खात्यात आल्यावर उरलेल्या कपातीचा हिशेब कोणी तपासत नाही. यातील सर्वांत मोठी कपात खोलीच्या भाड्यावरून होते. पॉलिसीत दिवसाचे ५,००० रुपये भाडे मान्य असताना रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला, तर कंपनी केवळ तीन हजारांचा फरक कापत नाही. खोलीच्या दर्जानुसार वाढणारे शुल्कही पाचास आठ या प्रमाणात कमी करते. येथपर्यंत नियमाला धरून आहे. परंतु या प्रमाणशीर कपातीत औषधे व उपभोग्य वस्तू, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि निदान चाचण्या यांचा खर्च घेता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ती लावता येत नाही, आणि जेथे खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा रुग्णालयात ती मुळीच लावता येत नाही.

हिशेब मांडून पाहू. एकूण बिल २,४०,००० रुपयांचे आहे; त्यात चार दिवसांचे भाडे ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा मिळून १,२०,०००, औषधे ४८,०००, चाचण्या २०,००० आणि इम्प्लांट २०,०००. कंपनीने सरसकट संपूर्ण बिलाला पाचास आठचे प्रमाण लावले, तर हाती १,५०,००० रुपये येतील. नियमाप्रमाणे मात्र भाड्याचे २०,०००, सर्जन वगैरेंचे ७५,००० आणि औषधे, चाचण्या व इम्प्लांट यांचे पूर्ण ८८,००० असे १,८३,००० रुपये मिळायला हवेत. हा ३३,००० रुपयांचा फरक केवळ एका कागदावरच्या भागाकाराने उघड होतो. सेटलमेंट लेटरमध्ये प्रत्येक कपातीसमोर कारण लिहिलेले असते. ते नसल्यास मागून घ्यावे आणि आपला हिशेब याच पद्धतीने शेजारी मांडून कंपनीला पाठवावा.

तक्रारीचा क्रम

पहिली तक्रार नेहमी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच करावी लागते. ही पायरी गाळून थेट लोकपालांकडे गेल्यास अर्ज परत येतो. तक्रार ई-मेलने पाठवावी किंवा शाखेत देऊन पोचपावती घ्यावी, आणि सोबतच प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या पोर्टलवरही नोंदवावी. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा निःशुल्क क्रमांक आहे. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित असते. बिमा भरोसावर प्राधिकरण स्वतः दाव्याचा निवाडा करत नाही, ते कंपनीकडून उत्तर घेते. त्यामुळे तेथून ‘तक्रार बंद’ असा संदेश आला तरी ती हार समजू नये.

कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तरच दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, की विमा लोकपालांकडे जाता येते. ही व्यवस्था २०१७ च्या विमा लोकपाल नियमांखाली चालते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई येथे मिळू शकते आणि कोणतेही शुल्क नाही. वकील लावता येत नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ तेच आहे, कारण तेथे विमाधारक स्वतः बोलतो. महाराष्ट्रातील विमाधारकांसाठी मुंबई, ठाणे व पुणे येथे कार्यालये आहेत. आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या क्षेत्रात येतो हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे. नोकरीच्या ठिकाणचा सामूहिक विमा असला तरी कर्मचारी येथे तक्रार करू शकतो. फक्त मूळ करारातील अटी आस्थापनेच्या मनुष्यबळ विभागाकडून आधी मिळवून ठेवाव्यात.

अर्जासोबत कथन एका पानाचे असावे. तारखांचा क्रम, नाकारलेली रक्कम, कंपनीचे कारण आणि ते का चुकीचे आहे एवढेच त्यात यावे, आणि प्रत्येक विधानापुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक घालावा. मामांच्या प्रकरणात सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली आणि वीस मिनिटेही चालली नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने केसपेपरचे ते पान दाखवले. लोकपालांनी विचारले की तुमच्या स्वतःच्या तपासणीत रक्तदाब किती होता. त्या प्रश्नानंतर फारसे काही बोलायचे राहिले नव्हते.

एकाच दाव्यासाठी ग्राहक आयोग आणि लोकपाल या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही. माझा सल्ला आधी लोकपालांचाच आहे, कारण सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावा असे बंधन तेथे आहे आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, विमाधारकावर नसतो. निकाल विरुद्ध गेला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचा मार्ग शिल्लक राहतो. तेथे दोन वर्षांची मुदत असते. आयोगाची अधिकारकक्षा व शुल्क दाव्याच्या रकमेवरून न ठरता भरलेल्या हप्त्यावरून ठरते, आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल किंवा प्रकरणात साक्षीपुरावे तपासण्याची गरज असेल, तर मात्र आयोगच योग्य.

या काळात रागाच्या भरात पॉलिसी बंद करू नये. मागच्या वर्षी दावा केला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि हप्ता थकून खंड पडला तर ३६ व ६० महिन्यांची सगळी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. कंपनीवरचा विश्वास उडाला असेल, तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा.

या सगळ्या सुधारणांत एक मोठी पोकळी आहे, तीही सांगितली पाहिजे. विमा प्राधिकरणाचा अधिकार कंपन्यांवर चालतो, रुग्णालयांच्या दरांवर नाही. बिलच अवाजवी असेल आणि कंपनीने ‘वाजवी व प्रचलित दरापेक्षा जास्त’ म्हणून ते कापले, तर विमाधारक दोघांच्या मध्ये सापडतो. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे; दाखल होतानाच त्या दरपत्रकाचा फोटो काढून ठेवला, तर कपातीच्या वेळी तो कंपनीला दाखवता येतो. तसेच घरातील प्रत्येकाचा कोणता आजार कोणत्या महिन्यात निदान झाला आणि औषध कधी सुरू झाले, हे एका कागदावर लिहून तो विमा कार्डासोबत ठेवावा आणि रात्री-अपरात्री निवासी डॉक्टर विचारतील तेव्हा आठवणीने उत्तर देण्याऐवजी तोच पुढे करावा. मामी आता तसेच करतात.

निवाडा बाजूने लागला, की कंपनीला तो ३० दिवसांत अमलात आणावा लागतो. निवाडा कंपनीला मिळाल्याची तारीख कार्यालयाकडून विचारून घ्यावी आणि तिसावा दिवस कॅलेंडरवर खुणावून ठेवावा, कारण त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी कंपनीने तक्रारदाराला ५,००० रुपये द्यावेत अशी तरतूद २०२४ च्या परिपत्रकात आहे. एकतिसाव्या दिवशी पैसे आले नसतील, तर या तरतुदीचा उल्लेख करून कंपनीला ई-मेल करावा आणि त्याची प्रत लोकपाल कार्यालयाला पाठवावी. मामांच्या खात्यात रक्कम बाविसाव्या दिवशी जमा झाली.